९२ टक्क्यांचे पेढे

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी ओघाओघात लिहून गेले होते की एका ताटात जेवलेली दोन भावंडंसुद्धा एकसारखी निघत नाहीत, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की संपादकांचा फोन आला, बाई हा महिना यालाच, माणसामाणसांतल्या बुद्धी-स्वभावाच्या फरकाला, देऊन टाका. तर दिला. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, सहा घेतलीत, लांबलेली कापलीत, नावं काढलीत. गावं काही ठिकाणी राहू दिलीत कारण त्याशिवाय गोष्ट कळत नाही.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे, साडेआठ वर्षांचा. मागच्या जूनमध्ये आम्ही यवतमाळहून नागपूरला आलो. तिकडे मराठी शाळेत होता, इथे इंग्लिश मीडियमला घातला. दिवाळीच्या आधी शाळेने सांगितलं लक्ष नसतं, टेस्ट करून आणा. केली. रिपोर्टवर एकूण आयक्यू ९२ लिहिलंय. सासूबाईंना वाटलं ९२ टक्के पडले, त्यांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. मग नणंदेने नेटवर बघून सांगितलं की शंभरच्या खाली म्हणजे कमीच, तेव्हापासून घरात सुतक असल्यासारखं झालंय. पोरगा विचारतो, आई मी ढ आहे का. काय सांगू त्याला? रिपोर्टचा फोटो जोडलाय.

उत्तर : पेढे चुकीच्या कारणाने वाटले गेले पण वाटले गेले याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. नणंदबाईंनी मात्र अर्धंच वाचलं. आयक्यू म्हणजे टक्के नाहीत आणि शंभरपैकी मार्कही नाहीत. त्या त्या वयाच्या मुलांची जी सरासरी येते तिला १०० म्हणायचं असं ठरवलेलं असतं, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मुलं पसरलेली असतात, जवळ जास्त, लांब कमी. ९० ते ११० या पट्ट्यात साधारण निम्मी मुलं येतात, ८५ ते ११५ म्हटलं तर शंभरातली ६८. म्हणजे तुमचा मुलगा त्या मधल्या मोठ्या गर्दीत आहे जिथे बहुतेक मीही असेन आणि नणंदबाईही असतील. शिवाय कुठल्याही चाचणीत चार-पाच गुण इकडचे तिकडे होतातच, त्यामुळे ९२ हा आकडा ८७ ते ९७ च्या मधे कुठेतरी असाच वाचायचा असतो.

पण हे वरवरचं झालं. खरी गोष्ट दुसऱ्या पानावर आहे. तिथे दोन आकडे आहेत, शाब्दिक ८० आणि कृती १०४, आणि त्यांची सरासरी काढून ९२ आलेत. आता एका खोलीत कूलर आणि दुसऱ्या खोलीत पेटती चूल असली तर घराचं सरासरी तापमान मस्त आहे असं कोणी म्हणेल का? तसं झालंय हे. ही चाचणी, मिसिक म्हणतात तिला, आपल्या नागपूरच्याच डॉ. आर्थर मॅलिन यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वेक्स्लर यांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बेतली. त्यात शाब्दिक बाजूला शब्दांचे अर्थ, सामान्य माहिती, दोन गोष्टींत सारखं काय, तोंडी गणितं असं असतं, आणि कृतीच्या बाजूला लाल-पांढरे ठोकळे जुळवून नक्षी करा, चित्रात काय राहिलंय ते सांगा, भुलभुलैयातून वाट काढा. ठोकळ्यांना भाषा लागत नाही. शब्दांना लागते. आणि तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलंय, चाचणीची भाषा : इंग्रजी. ज्या पोराने चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा वर्गात इंग्रजी ऐकलं त्याला इंग्रजीत शब्दार्थ विचारले आणि ८० आले, तर ते ८० त्याच्या डोक्याचे की त्याच्या शाळाबदलाचे हे मला त्या कागदावरून सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर टेस्ट घेणाऱ्यालाही येत नसणार.

मी मुलांच्या अशा चाचण्या घेण्याचं काम सव्वीस वर्षं करतेय आणि मीही चुका केल्यात, एक सांगते. मे महिना, पंचेचाळीसच्या वर पारा, माझ्या खोलीत खिडकीचा जुना पत्र्याचा कूलर. समोर नऊ वर्षांची मुलगी. मी आकडे म्हणायचे, पाच... दोन... आठ, आणि तिने ऐकून परत म्हणायचे, मग उलटे म्हणायचे. ठोकळ्यांत पोरगी विजेसारखी, बोटं थांबतच नव्हती, पण आकडे आले की गडबड. मी लिहून टाकलं, श्रवण-स्मृती कमी. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, मॅडम तुमचा कूलर खूप बोलतो. जुलैत पाऊस पडल्यावर परत बोलावलं, कूलर बंद, आणि तीच मुलगी सहा-सहा आकडे बिनचूक. तेव्हापासून रिपोर्टवर मी खोलीत काय काय चालू होतं तेही लिहिते, सहकारी हसतात, हसू देत.

थोडा इतिहास सांगते, कामाचा आहे. १९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण खात्याला प्रश्न पडला होता की सक्तीच्या शिक्षणामुळे शाळेत आलेल्या सगळ्या मुलांमध्ये वेगळी मदत कोणाला लागेल ते ओळखायचं कसं. त्यातून आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली. म्हणजे ती मुळात मदत कुठे पोचवायची यासाठी होती, कोण हुशार कोण मठ्ठ असा शिक्का मारायला नव्हती, आणि बुद्धी जन्मतः ठरलेली, ती वाढतच नाही असं म्हणणाऱ्यांवर बिने चांगलेच चिडायचे. १९११ मध्ये ते गेले. आयक्यूमध्ये तेव्हा जो भागाकार असायचा, मुलाचं मानसिक वय भागिले खरं वय, तो १९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी काढला, आणि पुढे अमेरिकेत त्याचा नेमका शिक्काच झाला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली, नुसती भाषांतर करून नाही, आपल्या मुलांवर तपासून. ती बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. सुमारे ९० वर्षांपूर्वी कामतांना जे कळलं होतं की मराठी मुलाला मराठीत विचारावं, ते तुमच्या बाबतीत यंदा कोणाच्या लक्षात आलं नाही. असो.

आता काय करायचं. ज्यांनी टेस्ट घेतली त्यांना सरळ विचारा, भाषा इंग्रजी का? पुन्हा तीच टेस्ट लगेच देऊ नका, पोरांना प्रश्न पाठ होतात, वर्षभर तरी जाऊ द्या, किंवा मराठीतली दुसरी चाचणी करा. कान आणि डोळे तपासून घ्या, हे आधी करायचं असतं पण राहतंच. आणि शाळेत जाऊन कृतीचा १०४ दाखवा, म्हणावं समजतं त्याला, तुमची भाषा अजून समजत नाही.

त्याला काय सांगायचं? आमच्या मराठीच्या बाई सांगायच्या की ढ हे अक्षर ब्राह्मीपासून आजपर्यंत जवळपास तसंच राहिलं, बदललंच नाही, म्हणून जो बदलत नाही, शिकत नाही त्याला ढ म्हणतात. तुमचा मुलगा चार महिन्यांत गाव, शाळा आणि भाषा तिन्ही बदलून बसलाय. हे त्याला त्याच्या शब्दांत सांगा.

प्रश्न : दोन मुली. मोठी बडबडी, लग्नात अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसेल. धाकटी पाच वर्षांची, कोणाकडे वाढदिवसाला नेली की माझा पदर सोडत नाही, केक कापून होतो, सगळे खेळायला लागतात, आणि निघायची वेळ झाली की हिला खेळायचं असतं. नातेवाईक माणूसघाणी म्हणतात. जाऊबाई म्हणतात तू फार चिकटवून ठेवलंस. माझंच काही चुकलं का? खाण तशी माती म्हणतात, मग एकाच खाणीतून दोन माती कशा?

उत्तर : तुमच्या पत्रातलं "निघायची वेळ झाली की हिला खेळायचं असतं" हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण निदान तिथेच आहे. जिला माणसं नकोत ती निघताना खुश असते. तुमच्या लेकीला माणसं हवीत, फक्त तिचं इंजिन तापायला दीड तास लागतो आणि वाढदिवस दोन तासांचा असतो.

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे डॉक्टर नवरा-बायको होते, त्यांनी १९५६ पासून शंभराहून जास्त बाळांना अगदी पाळण्यापासून मोठं होईपर्यंत बघितलं. झोप-भूक किती नियमित, नवीन गोष्टीला जवळ जातं की मागे सरतं, रडणं किती जोरात, किती वेळात रुळतं, अशा नऊ गोष्टी. त्यातून त्यांना साधारण ४० टक्के मुलं सोपी, १० टक्के अवघड आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी वाटली. उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात बसेनात, आणि मला ही ३५ टक्के फार आवडतात. तुमची धाकटी त्या १५ मधली दिसते. हे तुम्ही पदराला बांधून केलेलं नाही. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी तर चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवून, अनोळखी आवाज ऐकवून बघितलं, तेव्हा साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं आणि पाचातली दोन मजेत बघत बसायची. त्या रडणाऱ्यांमधली मुलं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त निघाली, पण सगळी नाही हं, अगदी टोकाची भित्री राहिलेली थोडीच. म्हणजे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे खरं, पण ते पाय पुढे कुठे जाणार ते पाळण्यात दिसत नाही.

थॉमस आणि चेस यांच्या कामातली जी गोष्ट मी आयांना नेहमी सांगते ती मुळात झोपेची आहे. न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन कामगार घरांत मुलं कधीही झोपायची कधीही उठायची, आईबापांना त्याचं काही नव्हतं, त्यामुळे ज्यांची झोप जन्मापासूनच अनियमित त्यांना ती अडचण आहे हेच कोणाला कळलं नव्हतं. पाचव्या-सहाव्या वर्षी शाळा सुरू झाली, सकाळी उठवायची वेळ आली, आणि तेव्हा तोच स्वभाव अचानक प्रॉब्लेम झाला. मूल तेच. घड्याळ नवीन. म्हणून ते दोघं म्हणायचे की स्वभाव चांगला-वाईट नसतो, त्याच्या भोवतीचं घर त्याला कसं बसतं ते बघा. तुमच्या घरात आधी एक बडबडी वाढली, सगळं घर तिच्या मापाने शिवलं गेलं, आणि आता दुसरीला तोच फ्रॉक घालायचा प्रयत्न चाललाय.

खाणीचं म्हणाल तर मला आमच्याकडची संत्र्याची बाग आठवते (माहेर काटोलकडचं). जंबेरीच्या खुंटावर एकाच झाडाचे डोळे भरून केलेली कलमं अर्धी काळ्या भारी जमिनीत लावली आणि अर्धी मुरमाड जमिनीत, तर झाडांमध्ये जो फरक पडेल तो जवळजवळ सगळा जमिनीचा, कारण बी-बियाणं सारखंच. उलट बियांपासून वाढवलेली वेगवेगळी रोपं एकसारख्या जमिनीत लावली तर फरक रोपांचा. माणसांत दोन्ही एकदम चालतं. सख्ख्या बहिणींमध्ये माणसामाणसांत बदलणारी जी जनुकं असतात त्यातली सरासरी निम्मीच सारखी येतात, पत्ते दर वेळी नव्याने पिसले जातात. २०१५ मध्ये पन्नास वर्षांतल्या जुळ्यांच्या अभ्यासांचा मोठा आढावा आला होता, दीड कोटीच्या आसपास जोड्यांची माहिती त्यात होती, आणि शरीर-मनाचे हजारो गुण मिळून फरकांमधला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक निघाला. पण हा वाटा बागेतल्या झाडाझाडांमधल्या फरकाचा आहे बरं का, एका झाडाचा नाही. तुमच्या लेकीचा लाजरेपणा निम्मा तुमच्या सासऱ्यांचा आणि निम्मा तुमच्या पदराचा असा हिशोब त्यातून निघत नाही, कितीही वाटलं तरी. आणि जमीन म्हणाल तर दोघींना एकच घर मिळालंय हेही खरं नाही, मोठीला धाकटी बहीण आहे आणि धाकटीला मोठी, ही दोन वेगळी घरं झाली.

करायचं एवढंच, वाढदिवसाला वीस मिनिटं आधी न्या, घर रिकामं असताना. तिला घरातलं मांजर, झोका, काय असेल ते बघू द्या. आणि तिच्यासमोर "ही जरा लाजते" असं पाहुण्यांना सांगणं बंद. जाऊबाईंना माझा नमस्कार.

प्रश्न : अकोल्याहून लिहितोय. मुलाच्या क्लासमध्ये बोटांच्या ठशांवरून बुद्धीचे प्रकार आणि करिअर सांगणारी डीएमआयटी टेस्ट आहे, साडेतीन हजार रुपये. करावी का?

उत्तर : नाही.

थोडं लांबवते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उद्धट आहेत. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तयार होतात, मेंदूही तेव्हा वाढत असतो, आणि या दोन खऱ्या गोष्टींच्या मधे यांनी एक पूल बांधलाय जो मुळात नाहीच. एका वेळी रोवल्या म्हणून तूर आणि कपाशीचं बोंड एक होत नाही. डाऊन सिंड्रोमसारख्या काही स्थितींत हातावरच्या रेषा वेगळ्या दिसतात हे खरं, त्यावरून गणिताची गोडी कळते हे खोटं. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट म्हटलंय. रिपोर्ट रंगीत असतो, चाळीस-पन्नास पानी असतो आणि प्रत्येक मुलात काहीतरी छान असतंच म्हणून आईबापांना पटतो. अंगठ्याचा उपयोग रेशनला आणि आधारला होतो, तिथवर ठेवा. साडेतीन हजारांत सायकल जुनी का होईना येते.

प्रश्न : मी २८ वर्षांचा, पुण्यात आयटीत. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये एक पर्सनॅलिटी टेस्ट झाली, मी इंट्रोव्हर्ट म्हणजे अंतर्मुख निघालो, आयएनएफजे अशी चार अक्षरं आली. मॅनेजर हसत म्हणाला मग टीम लीड कसा होणार तू. गंमत होती पण डोक्यातून जात नाहीये. मीटिंगमध्ये मी कमी बोलतो हे खरं आहे.

उत्तर : ती चार अक्षरी टेस्ट मी घरच्या घरी माझ्या नवऱ्याला तीन वेळा दिली, तीन वेळा वेगळी अक्षरं आली, तिसऱ्यांदा तो उपाशी होता. गंमत सोडा, तिचा मूळ घोळ असा आहे की माणसं उंचीसारखी असतात, बहुतेक मधे, आणि ही टेस्ट मधे रेघ मारून म्हणते इकडचे बुटके तिकडचे उंच. रेघेच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या माणसाने एका प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं की त्याचा "प्रकार"च बदलतो.

संशोधक जे मोजमाप जास्त वापरतात त्याला पाच गुणांची पट्टी म्हणा. तिची सुरुवात मला फार आवडते, कारण ती डिक्शनरीतून झाली. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश घेऊन माणसाचं वर्णन करणारे शब्द वेचले, १८ हजारांच्या जवळपास निघाले. कल्पना अशी की माणसामाणसांतला जो फरक लोकांना महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेत शब्द तयार होतोच. पुढे कित्येक वर्षं कित्येकांनी ते शब्द चाळून चाळून पाच मोठ्या ढिगांवर आणले, नव्याची ओढ, नेटकेपणा आणि जबाबदारी, बहिर्मुखपणा, मिळून घेणं आणि मनाची अस्वस्थता. प्रत्येकावर तुम्ही कुठेतरी असता, कमी, जास्त, बहुधा मधे.

आता हाच खेळ आपण मराठीत खेळू. तुम्ही मीटिंगमध्ये कमी बोलता. ठीक. पण तुम्ही अबोल आहात, म्हणजे बोलायची गरजच वाटत नाही? की बुजरे, नवीन माणसं असली की छाती धडधडते? की मुखदुर्बळ, डोक्यात सगळं तयार आहे पण ऐन वेळी ओठांवर येत नाही? की भिडस्त, समोरच्याचं चुकतंय हे दिसतंय पण त्याला तोंडावर कसं म्हणायचं? की घुमे, मनात राग धरून गप्प? पाचही जण मीटिंगमध्ये सारखेच दिसतात, लॅपटॉपकडे बघत बसलेले. तुमची कंपनी पाचांनाही इंट्रोव्हर्ट म्हणून मोकळी झाली. आपल्या आज्यांनी पाच शब्द ठेवलेत कारण पाचांचं पाच प्रकारे करावं लागतं. अबोल माणसाला काही करायची गरज नाही, त्याला नेमकं विचारा, तो नेमकं सांगेल. मुखदुर्बळाला आदल्या दिवशी अजेंडा द्या, जमलं तर दोन ओळी लिहून आणू द्या. बुजऱ्याला आधी दोघातिघांच्या मीटिंगमध्ये सरावू द्या. भिडस्ताला नाही म्हणायची सवय करावी लागते, छोट्या गोष्टीपासून, चहा नको असेल तर नको म्हणायचं. घुम्याशी त्या रागाबद्दलच बोलावं लागतं.

तर आधी आपला शब्द शोधा. बाकी टीम लीडचं म्हणाल तर कामात माणूस कसा निघेल याचा अंदाज या पाचांपैकी सगळ्यात सातत्याने नेटकेपणावरून येतो, तऱ्हेतऱ्हेच्या नोकऱ्यांमध्ये, हे १९९१ पासून पुन्हापुन्हा दिसलंय. मॅनेजरला हे सांगायला जाऊ नका, पुढचं काम वेळेआधी टाका त्याच्या मेलमध्ये.

प्रश्न : माझं वय ५४, यांचं ५९. हे मागच्या वर्षी रिटायर झाले. तापट पहिल्यापासून होते, आता दिवसभर घरीच, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतात. काही बोललं की म्हणतात माझा स्वभावच असा आहे आणि स्वभावाला औषध नाही. खरंच नाही का?

उत्तर : ताई, मी तुम्हाला एक उलटा प्रश्न विचारते. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी चुकीचा मेमो दिला तेव्हा यांनी साहेबांपुढे फाईल सरकवली होती का? एकदा तरी? नसेल सरकवली, तर मग जो साहेबांसमोर आवरता येतो आणि बायकोसमोर येत नाही तो नुसता स्वभाव नाही. राग लवकर येणं हा स्वभाव असेल. ताट सरकवणं ही सवय आहे, आणि ती चालवून घेतली गेली म्हणून टिकली, यात तुमचा दोष आहे असं मी म्हणत नाही, तेव्हाच्या घरांत असंच चालायचं.

औषधाचं उत्तर, आहे, थोडं. वयाने माणसं आपोआपच बदलतात, वीस ते चाळीसच्या दरम्यान बरेच जण जास्त जबाबदार आणि मनाने शांत होतात. आणि २०१७ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता ज्यात समुपदेशन किंवा उपचार घेतलेल्या लोकांच्या स्वभावाच्या पट्टीवरच फरक दिसला, तोही काही महिन्यांत, आणि सगळ्यात जास्त फरक अस्वस्थपणात, चिडचिडीत. तापट माणूस बर्फ होत नाही. पण ताट सरकवायचं थांबतं. मुळात माणूस बदलायला तयार हवा, तुम्ही एकट्याने जाऊन त्याचा स्वभाव बदलून आणता येत नाही, तुम्ही गेलात तर तुम्हाला बळ येईल एवढं नक्की.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या काढून बघा. एक, ही चिडचिड रिटायरमेंटनंतर एकदम वाढली असेल, झोप उडाली असेल, नावं-वस्तू विसरायला लागले असतील, पूर्वी जे कधीच बोलले नसते ते बोलत असतील, तर आधी डॉक्टर, थायरॉइड, शुगर, सुरू असलेली औषधं, डिप्रेशन, सगळं तपासून घ्या, उतारवयात अचानक बदललेला स्वभाव हा स्वभाव नसतो, लक्षण असतं. दुसरी, ताटाच्या पुढे जाऊन कधी हात उचलला असेल तर हे पत्र माझ्याकडे यायचं नाही, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, दिवसरात्र चालू असते.

आणि उद्या ताट सरकवलं तर ते परत पुढे ढकलू नका. मिठाची बरणी ठेवा आणि तुमचं जेवण जेवा.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा आहे. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचं नाव सांगतो, मॉडेलसकट. गिफ्टेड आहे असं वाटतं. टेस्ट कुठे करावी? पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत हुशार मुलांची शाळा आहे असं ऐकलं.

उत्तर : आजोबा, आहे, पण तिथला प्रवेश पाचवीचा असतो, तुमच्याकडे सात वर्षं आहेत. संस्था आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये काढली आणि नुसता एक आकडा न बघता बुद्धीचे वेगवेगळे पैलू तपासायचे यावर त्यांचा पहिल्यापासून भर आहे. तीन वर्षांच्या मुलाचा आकडा मात्र मी काढत नाही, फार हलतो तो. आणि मोठ्या मुलांचेही आकडे कधी कधी फसवतात. कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी १९२१ पासून दीड हजार हुशार मुलं आयक्यूवरून निवडून जन्मभर त्यांचा पाठपुरावा केला, पुष्कळ जण डॉक्टर-वकील-प्राध्यापक झाले, छान जगले. नोबेल मात्र त्यातल्या कोणाला मिळालं नाही, आणि ज्या दोन पोरांना तपासून निवडीतून वगळलं होतं त्यांना मिळालं, विल्यम शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये, दोघांनाही फिजिक्सचं.

नातवाला संध्याकाळी चौकात घेऊन उभे राहा, गाड्या बघा. मॉडेल चुकलं तर लगेच सांगू नका, थोडा वेळ द्या, ही पोरं स्वतःच पकडतात.

ता. क. : रिपोर्ट पाठवताना कृपा करून मुलाचं नाव, शाळा, जन्मतारीख पेनाने खोडून मगच फोटो काढा. या महिन्यात दोघांनी आधार कार्डच जोडलंय, मी ते डिलीट केलंय.